सरकारी विद्यासाहाय्य : दान कीं हक्क?

(महोत्सवानिमित्त भरलेल्या सभेंत एका निवृत्त शिक्षिकेनें केलेलें भाषण)



 महोत्सवाच्या प्रसंगीं पूर्वजांचें स्मरण करावें, ज्यांनीं देऊळ बांधिलें, घंटा बसविली, पहिली शाळा उघडली त्यांचे उपकार आठवावे, ही आपली रीत आहे. आणि तें काम माझ्याहून अधिकारी वक्त्यांनीं आज उत्तम रीतीनें केलें आहे. माझें सारें आयुष्य फळा आणि खडू यांच्या संगतींत गेलें. म्हणून मी एका निराळ्याच हिशेबाकडे आपलें लक्ष वेधणार आहें. आपल्या मुलांच्या शिक्षणासाठीं सरकारच्या तिजोरींतून जो पैसा येतो तो मुळांत कोणाचा, तो आपल्यापर्यंत कोणत्या वाटेनें आला, आणि त्या वाटेंत तो कोठें अडतो, हा तो हिशेब होय.

आरंभ एका शब्दापासून करितें. तो शब्द म्हणजे ‘नादारी’. तरुण मंडळींस तो कदाचित् ठाऊकहि नसेल. ज्या बापास मुलाची फी देण्याची ऐपत नसे, त्यानें हेडमास्तरांकडे अर्ज करावा आणि शाळेनें फी माफ करावी, यास आमच्या लहानपणीं ‘नादारी मिळणें’ म्हणत. नादार म्हणजे ज्याच्यापाशीं कांहीं नाहीं असा मनुष्य. फी माफ होई खरी, परंतु तिच्याबरोबर हें विशेषणहि घरीं येई. पुष्कळ मानी माणसांनीं तें विशेषण घेण्यापेक्षां मुलांचें नांव शाळेंतून काढणें पत्करिलें. आमच्या घरींहि तसें घडलें. ती हकीकत मी थोड्या वेळानें सांगेन. आधीं हें पाहूं कीं, ज्या पैशास आपण दान समजून लाजलों, तो पैसा खरोखर दान होता काय?

राज्यसत्तेनें विद्येस द्रव्य द्यावें ही चाल आपल्या पुणें शहरांत जुनी आहे. पेशव्यांच्या काळीं श्रावणमासांत विद्वान् ब्राह्मणांस दक्षिणा वांटीत असत. आपल्या समाजासहि दरबाराचा हात लागला होता. सवाई माधवरावांच्या कारकीर्दींत, १७९२ सालीं, पेशव्यांच्या चाकरींतील ख्रिस्ती लोकांसाठीं आजच्या नाना पेठेंत जें देऊळ उभें राहिलें, त्याची जागा दरबारानें दिलेली होती. पेशवाई बुडाल्यावर इंग्रज सरकारनें दक्षिणेचा कांहीं भाग चालू ठेविला, आणि १८२१ सालीं विश्रामबागवाड्यांत संस्कृत पाठशाळा उघडली. परंतु या साऱ्या द्रव्याचा ओघ थोडक्या घरांकडेच वाहत होता. ज्या कुणब्याच्या शेतसाऱ्यानें तिजोरी भरे, त्याच्या मुलाला त्या पाठशाळेंत जागा नव्हती. आणि ज्यांची सावलीहि रस्त्यांत नकोशी मानली जाई, त्यांची तर गोष्टच बोलूं नये.

हा ओघ वळविण्याचा उद्योगहि याच शहरांत झाला. १८४८ सालीं जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनीं बुधवार पेठेंत, भिड्यांच्या वाड्यांत, मुलींची शाळा काढिली. पुढें अस्पृश्य मानिलेल्या मुलांसाठींहि शाळा काढिल्या. १८५२ सालीं त्याच विश्रामबागवाड्यांत सरकारनें जोतीरावांचा शालजोडी देऊन सत्कार केला. ज्या वाड्यांत एकाच वर्गाच्या विद्येचा मान होत असे, तेथें शूद्रातिशूद्रांच्या शिक्षकाचा मान झाला, ही गोष्ट लहान नव्हे.

त्यानंतर दोन वर्षांनीं, ता. १९ जुलै १८५४ रोजीं, सर चार्ल्स वुड यांचा शिक्षणविषयक खलिता निघाला. आपल्या शाळांचा जन्मपत्र लिहावयाचें झाल्यास त्यांत या तारखेस स्थान द्यावें लागेल. त्या खलित्यानें असें ठरविलें कीं, सर्व शाळा सरकारनें स्वतःच चालवाव्या असें नाहीं. जी खाजगी शाळा लौकिक विषयांचें चांगलें शिक्षण देईल, नीट व्यवस्था ठेवील आणि सरकारी तपासणीस मान्यता देईल, तिला सरकारनें अनुदान द्यावें, आणि तेथें कोणता धर्म शिकविला जातो याची चौकशी करूं नये. यासच आपण ‘ग्रँट’ म्हणूं लागलों. याच सुमारास पुण्याच्या लष्कर भागांत १८६० सालीं जीझस अँड मेरी कॉन्व्हेंट आणि १८६७ सालीं सेंट व्हिन्सेंट हायस्कूल हीं विद्यालयें उघडलीं. मिशनची जमीन, धर्मगुरूंचे व धर्मभगिनींचे श्रम, आणि सरकारची ग्रँट, या तीन दोरांच्या पिळानें पुढें आपल्या समाजाच्या कित्येक शाळा तगल्या. आपण पहिल्या दोन दोरांचें स्मरण नेहमी करितों. तिसऱ्याचा मात्र आपणांस विसर पडतो.

१८८२ सालीं हंटरसाहेबांचें शिक्षण कमिशन आलें. त्याच्यापुढें पंडिता रमाबाईंनीं पुण्यांत साक्ष दिली, आणि मुलींच्या शाळांसाठीं स्त्रीशिक्षिका तयार कराव्या असें आग्रहानें सांगितलें. जोतीरावांनींहि लेखी निवेदन दिलें. त्यांचें म्हणणें थोडक्यांत असें होतें कीं, सरकारच्या उत्पन्नाचा मोठा भाग कष्टकरी रयतेच्या घामांतून येतो, आणि शिक्षणावरचा खर्च मात्र वरच्या वर्गांच्या उपयोगीं पडतो; म्हणून निदान बारा वर्षांच्या वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचें करावें. बंधुभगिनींनो, आजच्या माझ्या भाषणाचें सारें सार या एका युक्तिवादांत आहे. रयतेनें शिक्षण मागितलें तें भीक म्हणून नव्हे. तिनें आपल्याच पैशाचा हिशेब मागितला.

हा हिशेब पुरा होण्यास फार काळ लागला. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनीं १८९३ सालीं अमरेली भागांत आणि १९०६ सालीं साऱ्या संस्थानांत सक्तीचें शिक्षण सुरू केलें. पुण्याचे गोपाळ कृष्ण गोखले यांनीं ता. १६ मार्च १९११ रोजीं कायदेकौन्सिलांत प्राथमिक शिक्षणाचें बिल मांडिलें. पुढच्याच वर्षीं तें ३८ विरुद्ध १३ मतांनीं फेटाळलें गेलें. कोल्हापुरास शाहू महाराजांनीं १९१७ सालीं मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हुकूम काढिला, आणि मुलास शाळेंत न पाठविणाऱ्या पालकास दरमहा एक रुपया दंड ठरविला. मुंबई इलाख्यांत १९१८ सालीं विठ्ठलभाई पटेलांच्या खटपटीनें नगरपालिकांना शिक्षण सक्तीचें करण्याची मुभा देणारा कायदा झाला, १९२३ सालीं त्याची व्याप्ति वाढली, आणि १९४७ सालीं नवा मुंबई प्राथमिक शिक्षण कायदा आला. स्वतंत्र भारताच्या संविधानानें, तीसाव्या कलमान्वयें, अल्पसंख्य समाजास आपल्या शाळा स्थापण्याचा व चालविण्याचा हक्क दिला. आणि त्याच कलमांत असेंहि सांगितलें कीं, शाळा अल्पसंख्यांच्या व्यवस्थेखालीं आहे एवढ्याच कारणानें तिला अनुदान देतांना राज्यानें भेदभाव करूं नये. अनुदान घेणाऱ्या शाळेवर उलट बंधनहि आहे: कोणत्याहि मुलास त्याच्या पालकाच्या संमतीवांचून धर्मशिक्षणास बसवितां येत नाहीं. हें बंधन मला नेहमीच न्यायाचें वाटत आलें आहे. कारण तेथें येणारा पैसा सर्व धर्मांच्या लोकांचा आहे.

आतां घरची हकीकत सांगतें. माझे वडील नगर जिल्ह्यांतून पोटासाठीं पुण्यास आले, आणि लष्कराच्या एका कोठारांत हमालीस लागले. आई दोन घरीं धुणींभांडीं करी. माझी थोरली बहीण, अक्का, ही आम्हां भावंडांत सर्वांत हुशार. ती सातवी पास झाली तेव्हां पुढच्या इयत्तेच्या फीचा प्रश्न आला. मास्तरांनीं वडिलांस निरोप पाठविला कीं, नादारीसाठीं अर्ज करा, मुलगी पुढें जाईल. वडील शाळेपर्यंत गेले, आणि तसेच परत आले. जेवतांना एवढेंच म्हणाले, “मी हमाल आहें, पण नादार नाहीं.” अक्काचें दप्तर त्या दिवशीं खुंटीवर गेलें तें पुन्हां खालीं आलें नाहीं. ती शिवणकामास लागली, आणि तिच्या शिलाईच्या पैशांतून माझ्या वह्या येऊं लागल्या.

१९५९ सालीं राज्य सरकारनें आर्थिक दृष्ट्या मागासलेल्या कुटुंबांच्या मुलांस फीची सवलत देण्याचें ठरविलें. यशवंतराव चव्हाण तेव्हां मुख्यमंत्री होते. लोक त्या सवलतीस ‘ईबीसी’ म्हणूं लागले. तिचा विशेष असा कीं, ती जात वा धर्म न पाहतां उत्पन्न पाहत होती. ज्या कुटुंबाचें वार्षिक उत्पन्न ठरलेल्या मर्यादेच्या आंत आहे, त्याच्या मुलाची फी सरकार शाळेस देई. थोड्याच काळानें माझी आठवीची पाळी आली. वडिलांचा निश्चय मात्र पहिलाच होता.

आमच्या शेजारीं टपालखात्यांतील एक गृहस्थ राहत. ते एका संध्याकाळीं आमच्या ओट्यावर येऊन बसले. वडिलांनीं विडी पेटविली तेव्हां ते म्हणाले, “दादा, या काडेपेटीचे पैसे तुम्हीं कोणास दिले?” वडील म्हणाले, “वाण्यास.” “साऱ्यांचे नव्हे. त्यांतले कांहीं सरकारास गेले. काडेपेटीवर कर आहे. तुम्ही वर्षाकाठीं किती काड्या ओढतां त्याचा हिशेब मांडा. त्या पैशांतून कलेक्टरसाहेबांच्या मुलाचें कॉलेज चालतें. तुमच्या मुलीची शाळा चालली तर त्यांत तुम्हीं कोणाकडे हात पसरला?” वडील पुष्कळ वेळ गप्प बसले. दुसऱ्या दिवशीं त्यांनीं फॉर्मावर सही केली. तीं वांकडीं अक्षरें अजून माझ्या डोळ्यांपुढें आहेत. त्या सहीमुळें मी मॅट्रिक झालें आणि शिक्षिका झालें. एकाच घरांत दोन मुली. एक हुशार आणि एक सामान्य. सामान्य मुलगी पुढें गेली, कारण तिच्या वेळीं मदतीचें नांव बदललें होतें, आणि तें नांव समजावून सांगणारा एक शेजारी ओट्यावर येऊन बसला होता.

ही हकीकत येथें सांगण्यास अक्कानें मला परवानगी दिली आहे. परवानगी देतांना ती म्हणाली, “सांग, पण दादांना नांवें ठेवूं नकोस.” मी त्यांना नांवें ठेवीत नाहीं. दोष त्या शब्दाचा होता.

आतां आजच्या काळाकडे येऊं. २००२ सालीं संविधानांत दुरुस्ती होऊन सहा ते चौदा वर्षांच्या बालकांचें शिक्षण हा मूलभूत हक्क ठरला, आणि २००९ सालीं झालेला शिक्षणहक्काचा कायदा ता. १ एप्रिल २०१० पासून अंमलांत आला. गोखल्यांचें बिल पडल्यास तेव्हां अठ्ठ्याण्णव वर्षें झालीं होतीं. शाळेंत दुपारचें जेवण देण्याची राष्ट्रीय योजना १९९५ सालीं सुरू झाली. आरंभीं घरीं नेण्यास धान्य देत, पुढें २००१ सालीं सर्वोच्च न्यायालयानें शिजविलेलें अन्नच द्यावें असा आदेश दिला. उपाशी मुलास काना-मात्रा दिसत नाहीं, हें ज्यानें वर्ग शिकविला आहे त्यास सांगावें लागत नाहीं.

शिक्षणहक्काच्या कायद्यांत विनाअनुदानित खाजगी शाळांनीं प्रवेशाच्या इयत्तेंतील पंचवीस टक्के जागा गरीब व वंचित मुलांस द्याव्या असें कलम आहे. परंतु सर्वोच्च न्यायालयानें २०१२ सालीं विनाअनुदानित अल्पसंख्य शाळा, आणि ता. ६ मे २०१४ च्या निकालानें सर्वच अल्पसंख्य शाळा, या कायद्याच्या बाहेर ठेविल्या. २०२५ सालीं त्याच न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनीं या निकालाविषयीं शंका व्यक्त करून तो प्रश्न मोठ्या पीठापुढें जावा असें सुचविलें आहे. कायद्याचा वाद न्यायालयाकडे सोंपवूं. परंतु त्यांतून आपल्यावर जी जबाबदारी येते ती आपण सोंपवूं शकत नाहीं. आपल्या शाळांस ही मोकळीक आपल्या समाजाच्या रक्षणासाठीं मिळाली. त्या मोकळिकीचा परिणाम असा होऊं नये कीं, आपल्याच वस्तींतील गरीब ख्रिस्ती मूल आपल्याच शाळेच्या फाटकाबाहेर राहील. कायदा जेथें आपणांस पंचवीस जागा देण्यास भाग पाडीत नाहीं, तेथें आपल्या मनानें त्या द्याव्या, असें मी या सभेंत नम्रपणें पण स्पष्टपणें म्हणतें.

याला जोडूनच दुसरी गोष्ट. सच्चर समितीच्या अहवालानंतर, २००८ सालीं, केंद्र सरकारनें अल्पसंख्य समाजाच्या मुलांसाठीं पहिली ते दहावीची शिष्यवृत्ति सुरू केली. लाख रुपयांच्या आंत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरांतील, पन्नास टक्के गुण मिळविणाऱ्या मुलांसाठीं ती होती, आणि तींतील तीस टक्के वांटा मुलींसाठीं राखून ठेविला होता. २०२२ सालीं पहिली ते आठवीच्या मुलांसाठीं ती बंद करण्यांत आली. कारण असें दिलें कीं, शिक्षणहक्काच्या कायद्यानें या इयत्तांचें शिक्षण मोफतच आहे. कागदावर हें खरें आहे. परंतु मोफत शिक्षणांत गणवेशाचा दुसरा जोड, पावसाळी चपला, रिक्षाचें भाडें हीं सर्वत्र येत नाहींत. आणि ज्या मुलांच्या शाळेस तो कायदाच लागू नाहीं, त्यांस या कारणाचा काय उपयोग?

तिसरी गोष्ट अधिक नाजूक आहे; परंतु महोत्सवाच्या दिवशीं खरें बोलूं नये असें कोठें आहे? आपल्यापैकीं पुष्कळांचे आजे-पणजे नगरकडच्या गांवकुसाबाहेरून आले. ता. १० ऑगस्ट १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशान्वयें अनुसूचित जातींच्या सवलती हिंदु धर्मीयांपुरत्या ठरल्या. १९५६ सालीं शीख व १९९० सालीं बौद्ध बांधवांचा त्यांत समावेश झाला, ख्रिस्ती बांधवांचा झाला नाहीं. १९४४ पासून चालत आलेली मॅट्रिकनंतरची जी मोठी शिष्यवृत्ति अनुसूचित जातींच्या लाखों मुलांस वर घेऊन गेली, ती याच कारणानें आपल्या मुलांस त्या नांवानें मिळत नाहीं. बाप्तिस्म्यानें आजोबांच्या अंगावरचा गावचा शिक्का पुसला नाहीं, पण त्या शिक्क्यावरची भरपाई मात्र पुसली गेली. हा प्रश्न न्यायालयापुढें गेलेला आहे. तोंवर महाराष्ट्रांत अशा ख्रिस्ती कुटुंबांची गणना इतर मागासवर्गांत होते, आणि त्या वर्गाच्या सवलती त्यांस मिळूं शकतात. मात्र त्यासाठीं दाखला लागतो, आणि दाखल्यासाठीं ता. १३ ऑक्टोबर १९६७ च्या पूर्वींचा, घराण्याची जात दाखविणारा लेखी पुरावा लागतो. आपल्या शाळा सोडल्याच्या दाखल्यांवर बहुधा केवळ ‘ख्रिस्ती’ एवढाच शब्द असतो. म्हणून ज्यांचे आजोबा गांवच्या शाळेंत एक इयत्ता जरी बसले असतील, त्यांनीं त्या शाळेच्या जुन्या पटावरील नोंदीचा उतारा आजच आणून ठेवावा. जुने पट वाळवीच्या तोंडीं जात आहेत. त्या एका ओळीवर तुमच्या नातीचें कॉलेज अवलंबून असूं शकेल. ती ओळ दाखवितांना लाज वाटूं देऊं नका. लाज ज्यांनीं वेशीबाहेर ठेविलें त्यांची. ज्यांस ठेविलें त्यांची नव्हे.

आतां अशा कांहीं मदती सांगतें कीं, ज्या आपल्या मुलांस मिळूं शकतात आणि ज्यांची नांवेंहि पुष्कळ घरांत पोहोंचलेलीं नाहींत. सरकारी, अनुदानित वा महापालिकेच्या शाळेंतील आठवीच्या मुलास एक परीक्षा देतां येते. तिला एनएमएमएस म्हणतात. घरचें उत्पन्न साडेतीन लाखांच्या आंत असावें आणि मूल गुणवत्तेंत यावें. मग नववीपासून बारावीपर्यंत वर्षास १२,००० रुपये त्याच्या नांवें जमा होतात. पुणें महानगरपालिका आपल्या हद्दींत राहणाऱ्या व पुढें शिकणाऱ्या मुलांस मौलाना आझादांच्या नांवें दहावीनंतर १५,००० आणि अण्णाभाऊ साठे यांच्या नांवें बारावीनंतर २५,००० रुपयांपर्यंत साहाय्य देते. त्यास सामान्यतः ऐंशीं टक्के गुण लागतात. महापालिकेच्या शाळेंतील, रात्रशाळेंतील व मागासवर्गीय मुलांस सत्तर पुरतात. आणि २०२४ सालीं राज्य सरकारनें असा निर्णय केला कीं, इतर मागासवर्गीय, आर्थिक दुर्बल व सामाजिक-शैक्षणिक मागास घटकांतील ज्या मुलींच्या कुटुंबाचें उत्पन्न आठ लाखांच्या आंत आहे, त्यांची व्यावसायिक अभ्यासक्रमाची शिक्षण व परीक्षा फी सरकार पूर्णपणें भरील. परिचर्या, इंजिनियरिंग, औषधशास्त्र शिकूं पाहणाऱ्या आपल्या मुलींसाठीं हें दार केवढें मोठें आहे याचा विचार करा.

येथें मला एक कबुली द्यावयाची आहे. सरकारी मदत अडते तेव्हां आपण मंत्र्यास दोष देतों, कचेरीस दोष देतों. पुष्कळदां तो खराहि असतो. परंतु मी ज्या शाळेंत शिकवीत होतें, तेथें दहावीच्या वर्गांत एक शांत मुलगी होती. तिच्या शिष्यवृत्तीचा अर्ज मजकडे आला. उत्पन्नाच्या दाखल्याची मुदत संपली होती. ‘नवा दाखला आण’ असें सांगून मीं तो अर्ज टेबलाच्या खणांत ठेविला. वार्षिक परीक्षेची गडबड, घरचीं दुखणीं, आणि मी विसरलें. तिनेंहि पुन्हां विचारिलें नाहीं. गरिबांच्या मुली पुन्हां विचारीत नाहींत. मुदत गेल्यावर खण आवरतांना तो कागद हातीं आला. तोंपर्यंत तिच्या बापानें तिला एका कारखान्यांत चिकटपट्ट्या लावण्याच्या कामास घातलें होतें. दिल्लीहून आणि मुंबईहून निघालेला पैसा पुण्यापर्यंत आला होता. तो शेवटच्या हातभर अंतरावर, माझ्या खणांत अडला. माझ्या वडिलांना ओट्यावर येऊन समजावणारा एक शेजारी भेटला. त्या मुलीस मी भेटलें.

म्हणून माझी या सभेस एक विनंति आहे, आणि ती खर्चाची नाहीं. या महोत्सवाचें स्मारक म्हणून आपण एक टेबल आणि एक बाक मांडावें. दर वर्षीं शाळा उघडतांना जूनच्या चार रविवारीं, आणि पुन्हां दिवाळीपूर्वीं दोन रविवारीं, मिस्सा झाल्यावर तें देवळाच्या अंगणांत मांडलें जावें. आपल्यांत निवृत्त कारकून आहेत, शिक्षक आहेत, बँकेंतलीं माणसें आहेत. संगणकावर झरझर फॉर्म भरणारीं कॉलेजांतलीं मुलें तर घरोघर आहेत. त्यांनीं पाळीपाळीनें तेथें बसावें. एक वही ठेवावी, आणि तींत आठवी, दहावी व बारावींत असलेल्या प्रत्येक मुलामुलीचें नांव असावें. प्रत्येक घरानें एका पिशवींत पांच कागद तयार ठेवावे: तहसीलदाराचा चालू वर्षाचा उत्पन्नाचा दाखला, रहिवासाचा दाखला, शाळेचा दाखला व गुणपत्रक, लागू असेल तेथें जातीचा दाखला, आणि मुलाच्या स्वतःच्या नांवाचें, आधारास जोडलेलें बँकेचें खातें. अर्ज कोणत्या तारखेस गेला तें वहींत लिहावें. पैसा आला कीं नाहीं तेंहि लिहावें. ज्या नांवापुढें दोन महिने कांहीं लिहिलें गेलें नाहीं, त्या घरीं कोणीतरी जाऊन ओट्यावर बसावें.

आणि एक छोटीशी पेटी असावी. शिष्यवृत्ति मंजूर झाली तरी ती पुष्कळदां वर्ष सरतां सरतां येते, आणि कॉलेजची पहिली रक्कम तर प्रवेशाच्या दिवशींच भरावी लागते. त्या मधल्या अंतरांत मुलें गळतात. त्या पेटींतून बिनव्याजी उसने द्यावे, आणि शिष्यवृत्ति आली म्हणजे परत घ्यावे. त्यास कोणीं दान म्हणूं नये, आणि घेणाऱ्याचें नांव कोणत्याहि फळ्यावर लावूं नये. ‘नादार’ हा शब्द आपल्या अंगणांत पुन्हां उच्चारला जाऊं नये.

हक्काबरोबर कर्तव्यहि येतें, हें मी विसरलें नाहीं. ज्या मुलाची फी सरकार भरतें, त्यानें वर्ग चुकवूं नये. ज्यास गरज नाहीं त्यानें खोटा दाखला काढूं नये, कारण तो सरकारास नव्हे, शेजारच्या मुलास लुबाडतो. आणि जो शिकून वर गेला, त्यानें खालच्या पायरीवरील एकाचा तरी हात धरावा. आपण साबणाची वडी घेतों, चहाची पुडी घेतों, तेव्हां कोठल्यातरी मुलाच्या पुस्तकाचें पान विकत घेत असतों. तें मूल आपलें असो वा दुसऱ्याचें असो, त्याला तें पान मिळालें पाहिजे.

अक्का आतां ऐंशींच्या पुढें आहे. परवां मी हें भाषण तिला वाचून दाखविलें. ऐकून झाल्यावर तिनें एकच प्रश्न विचारिला: “तें टेबल कधींपासून मांडणार?” अध्यक्षमहाराज, तिचा प्रश्न मी या सभेपुढें ठेवितें, आणि आपलें उत्तर तिला घरीं जाऊन सांगावें या आशेनें येथें थांबतें. परमेश्वर आपल्या या धर्मग्रामावर आणि त्यांतील प्रत्येक लेकरावर कृपा करो.